लिनक्सवर डीफॉल्ट एडिटर ठरवताना

लिनक्सवर डीफॉल्ट टेक्स्ट एडिटर कसा बदलावा, असे कोणी विचारले की त्याला एका ओळीचे उत्तर मिळते आणि ती ओळ टर्मिनलमध्ये चिकटवून तो मोकळा होतो. काही दिवसांनी त्याच्या लक्षात येते की फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारा गिट आता हवा तो एडिटर उघडतो, पण ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी सांभाळणारा क्रॉनटॅब अजून नॅनो हा साधा एडिटरच उघडतो. सुडो (व्यवस्थापकाच्या अधिकाराने काम करू देणारी कमांड) लावून काही संपादित करायला गेले की तिसरेच काही समोर येते. आणि फाइल मॅनेजरमध्ये मजकुराच्या फाइलवर दोनदा क्लिक केले तर या कशाशीच संबंध नसलेला चौथा प्रोग्राम सुरू होतो. घर बदलल्यावर पोस्टात, बँकेत आणि गॅस एजन्सीत पत्ता वेगवेगळा बदलावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. संपूर्ण संगणकासाठी एकच डीफॉल्ट एडिटर सांगणारी नोंद लिनक्समध्ये कुठेच नसते. ज्या प्रोग्रामला एडिटरची गरज पडते तो आपल्या ठरलेल्या क्रमाने तीन-चार ठिकाणी चौकशी करतो आणि जिथे पहिले उत्तर मिळेल ते मान्य करतो. म्हणून कोणती ओळ चिकटवायची यापेक्षा कोणता प्रोग्राम कुठे चौकशी करतो हे समजून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते. पुढची उदाहरणे मुख्यतः डेबियन आणि उबंटू या लिनक्स वितरणांवरची आहेत. कमांड आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

चौकशीचे सर्वांत जुने ठिकाण म्हणजे ‘एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल’ ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सुरू होणाऱ्या प्रोग्रामांना आपोआप मिळणाऱ्या नाव-किमतीच्या नोंदी), जी मोठ्या रोमन अक्षरांत लिहिली जातात. एकाच कामासाठी दोन कशाला, याचे उत्तर युनिक्सच्या इतिहासात आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला ‘ईडी’ हा एडिटर कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपसाठी होता. त्यात फाइल समोर दिसत नसे, मागितलेली ओळ तेवढी छापून मिळे. पडद्यावर मजकूर दिसावा आणि त्यात कर्सर हवा तिथे नेता यावा, ही सोय बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कली येथे लिहिलेल्या ‘व्हीआय’ने रुळवली. काही काळ दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच संगणकाला जोडलेली असत. त्यामुळे ओळीओळीने चालणाऱ्या एडिटरचे नाव ‘एडिटर’मध्ये आणि पूर्ण पडदा वापरणाऱ्याचे ‘व्हिज्युअल’मध्ये ठेवावे, आणि समोर कोणते टर्मिनल आहे ते पाहून प्रोग्रामने निवड करावी, अशी पद्धत पडली. गिट हा शिष्टाचार आजही पाळतो: टर्मिनल ‘डम्ब’ प्रकारचे, म्हणजे पूर्ण पडदा हाताळू न शकणारे, असल्याचे कळले तर तो ‘व्हिज्युअल’ला विचारतच नाही.

आज टेलिटाइप कोणाकडे नाही, पण दोन्ही व्हेरिएबल टिकून आहेत आणि निरनिराळे प्रोग्राम त्यांना निरनिराळा मान देतात. गिट आधी ‘गिट_एडिटर’ हे स्वतःचे व्हेरिएबल पाहतो, मग आपल्या कॉन्फिगमधली ‘कोअर.एडिटर’ ही नोंद, मग ‘व्हिज्युअल’ आणि शेवटी ‘एडिटर’. फाइल पानापानाने दाखवणाऱ्या ‘लेस’ या प्रोग्राममध्ये वाचताना ‘व्ही’ ही कळ दाबली की आधी ‘व्हिज्युअल’ पाहिले जाते. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधील कमांड वाचून चालवणाऱ्या शेलमध्ये, लांबलचक कमांड टंकताना कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-ई दाबले तर ती अर्धवट कमांड एडिटरमध्ये उघडते, आणि तिथेही ‘व्हिज्युअल’चाच मान पहिला आहे, ही सोय फार थोड्या लोकांना ठाऊक असते, पण ज्यांना दोन-दोन ओळींच्या कमांड लिहाव्या लागतात त्यांनी ती अवश्य वापरून पाहावी. याउलट त्याच बॅशमधली ‘एफसी’ ही आधी चालवलेल्या कमांड संपादित करणारी कमांड ‘व्हिज्युअल’ला ओळखत नाही, ती ‘एडिटर’ पाहते. सिस्टिममधील सेवांच्या फाइली बदलणारी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ आपल्या खास व्हेरिएबलनंतर ‘एडिटर’ आधी आणि ‘व्हिज्युअल’ नंतर पाहते, म्हणजे गिटच्या नेमके उलट. अनेक संगणकांवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबरनेटीसचे ‘क्यूबसीटीएल एडिट’ स्वतःचे व्हेरिएबल आणि ‘एडिटर’ एवढ्यांवरच थांबते. काहीच सापडले नाही तर लिनक्सवर ते थेट व्हीआय उघडते.

या गोंधळात डोके घालत बसण्याऐवजी दोन्ही व्हेरिएबलांना एकच किंमत द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. विम (व्हीआयची सुधारित आवृत्ती) हवा असेल तर ‘एक्सपोर्ट व्हिज्युअल=विम’ आणि तिच्याखाली ‘एक्सपोर्ट एडिटर=विम’ अशा दोन ओळी पुरतात. त्या कुठे लिहाव्यात हा प्रश्न मात्र थोडा विचार करण्याजोगा आहे. बहुतेक जण त्या आपल्या होम डिरेक्टरीतील ‘.बॅशआरसी’ फाइलमध्ये लिहितात; ती फाइल टर्मिनल उघडल्यावर सुरू होणारे बॅश वाचते, त्यामुळे टर्मिनलमधली कामे नीट होतात, पण मेन्यूमधून सुरू केलेल्या ग्राफिकल प्रोग्रामला त्या ओळींचा पत्ता लागत नाही. त्यापेक्षा ‘.प्रोफाइल’ ही फाइल बरी, कारण ती लॉगिनच्या वेळी वाचली जाते आणि तिथून सुरू होणाऱ्या सर्व प्रोग्रामांना वारशाने मिळते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात: बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, आणि ‘.बॅश_प्रोफाइल’ नावाची फाइल आधीपासून असेल तर बॅश ‘.प्रोफाइल’कडे ढुंकूनही पाहत नाही. संगणकावरील सर्वच वापरकर्त्यांसाठी किंमत ठरवायची असल्यास ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल आहे. ती शेलची स्क्रिप्ट नसून नाव आणि किंमत यांची साधी यादी असते, त्यामुळे एका व्हेरिएबलची किंमत दुसऱ्यात वापरण्याची युक्ती तिथे चालत नाही.

बॅशऐवजी झेडशेल हे दुसरे शेल वापरणाऱ्यांसाठी इथे एक गमतीशीर सापळा आहे. झेडशेल सुरू होताना या दोन व्हेरिएबलांमध्ये ‘व्ही’ आणि ‘आय’ ही रोमन अक्षरे लागोपाठ आढळली, तर तो असे गृहीत धरतो की वापरकर्त्याला कमांडच्या ओळीवरही व्हीआयच्याच कळा हव्या आहेत. विम आणि त्याचाच नवा अवतार असलेला निओविम या दोन्हींच्या कमांडच्या नावांत ती अक्षरे येतात. मग काल चालणारे कंट्रोल-ए, कंट्रोल-ई आज अचानक बंद पडतात आणि एडिटर बदलल्यामुळे असे झाले असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही. आपल्या ‘.झेडएसएचआरसी’मध्ये ‘बाइंडकी -ई’ एवढे लिहिले की जुन्या कळा परत येतात.

आता डेबियनच्या स्वतःच्या व्यवस्थेकडे येऊ. ती मला या सगळ्यात सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते. डेबियनच्या पॉलिसीनुसार, ज्या प्रोग्रामला एडिटर उघडायचा आहे त्याने वापरकर्त्याच्या व्हेरिएबलांचा मान राखावा आणि ती नसतील तर ‘/यूएसआर/बिन/एडिटर’ चालवावा. या नावाचा खराखुरा प्रोग्राम नसतोच. ती एक सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारी नुसती खूण, असते, ती ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ज’ या डिरेक्टरीतील दुसऱ्या लिंककडे बोट दाखवते आणि ती दुसरी लिंक प्रत्यक्ष एडिटरकडे नेते. मधली कडी मुद्दाम ‘/ईटीसी’मध्ये ठेवलेली आहे, कारण संगणकाच्या व्यवस्थापकाने घेतलेले निर्णय जिथे नोंदले जातात ती तीच जागा. प्रत्येक एडिटरचे पॅकेज स्थापित होताना आपला अग्रक्रम अंकात नोंदवते: नॅनोचा ४०, पूर्ण विमचा ३०, ईडीचा उणे १००. कोणी हस्तक्षेप केला नाही तर सर्वांत मोठा अंक जिंकतो, आणि म्हणूनच विम स्थापित केल्यावरही उबंटूवर नॅनोच उघडत राहतो. अनेकांना हे पॅकेज बिघडल्याचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात ती नुसती ४० आणि ३० ची तुलना असते.

निवड बदलण्याची कमांड ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग एडिटर’ ही आहे. तिने दाखवलेल्या यादीत शून्य क्रमांकावर आपोआप निवडीचा पर्याय असतो, सध्याच्या निवडीपुढे फुलीसारखे चिन्ह असते, आणि हवा तो क्रमांक देऊन एंटर दाबले की लिंक बदलते. हाताने केलेली निवड पुढच्या अपडेटमध्ये पुसली जात नाही. निवडलेला एडिटरच काढून टाकला तर मात्र व्यवस्था पुन्हा अग्रक्रमाच्या हिशेबावर येते. याच यादीत ‘विम.टायनी’ नावाचा एक पर्याय दिसतो आणि तो पाहून विम आपल्याकडे आधीपासूनच आहे असा समज होतो. ती विमची अगदी काटछाट केलेली आवृत्ती आहे. इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टंकण्याच्या अवस्थेत) बाणाच्या कळा दाबल्यावर कर्सर हलण्याऐवजी रोमन अक्षरे उमटतात, ही नव्या माणसाची नेहमीची तक्रार बहुधा याच आवृत्तीबद्दल असते. पूर्ण विमचे पॅकेज घातले की ती दूर होते.

ही कमांड संगणकावरील सर्वांसाठी निर्णय घेते, हे विसरता कामा नये. स्वतःच्या लॅपटॉपवर तसे करायला काहीच हरकत नाही. पण कार्यालयातील किंवा महाविद्यालयातील सामायिक सर्व्हरवर एकाच्या आवडीसाठी सगळ्यांना विममध्ये ढकलणे मला योग्य वाटत नाही; ज्याला विम हवा आहे त्याला आपल्या दोन ओळी कुठे लिहायच्या हे ठाऊक असते, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला पडद्याच्या तळाशी कळा लिहून दाखवणारा नॅनोच सोयीचा पडतो. याच विचाराने फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३३ व्या आवृत्तीपासून व्हीआय सोडून नॅनोला डीफॉल्ट केले. गिटमध्ये पहिलीच कमिट (बदलांची नोंद) करणाऱ्या नवशिक्याला बाहेर पडण्याचा रस्ता न दिसणाऱ्या एडिटरमध्ये सोडू नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो मला पटतो. फेडोराने मात्र डेबियनप्रमाणे लिंक न वापरता ‘एडिटर’ व्हेरिएबलला नॅनोची किंमत देणारे एक छोटे पॅकेज पुरवले. विम हवा असलेल्यांसाठी त्याच धर्तीचे विमचे पॅकेजही आहे.

एका वापरकर्त्यापुरता निर्णय घेण्याचा आणखी एक मार्ग डेबियनकडे आहे आणि क्रॉनटॅबचे कोडे तिथे सुटते. ‘क्रॉनटॅब -ई’ पहिल्यांदा चालवल्यावर एडिटरांची यादी देऊन त्यातला एक निवडायला सांगितले जाते, तेव्हा घाईत असलेला माणूस नुसते एंटर दाबतो आणि नॅनो निवडला जातो. ते उत्तर होम डिरेक्टरीतील ‘.सिलेक्टेड_एडिटर’ या लपलेल्या फाइलमध्ये कायमचे लिहिले जाते. हा प्रश्न विचारणारा प्रोग्राम क्रॉनटॅब नसून ‘सेन्सिबल-एडिटर’ नावाची छोटी स्क्रिप्ट असते. ती आधी दोन्ही व्हेरिएबल पाहते, मग ही लपलेली फाइल आणि त्यानंतर ‘/यूएसआर/बिन/एडिटर’ ही सामायिक लिंक. म्हणूनच लिंक बदलूनही क्रॉनटॅबमध्ये नॅनो कायम राहू शकतो. ‘सिलेक्ट-एडिटर’ ही कमांड चालवून उत्तर बदलता येते, किंवा ती फाइल सरळ काढून टाकता येते.

सुडोचे वागणे वेगळे आहे आणि त्याला सबळ कारण आहे. सुडो आपल्या मूळ मांडणीत वापरकर्त्याची बहुतेक व्हेरिएबल बाजूला ठेवून कमांड चालवतो, कारण कोणाच्याही व्हेरिएबलमधून रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने भलताच प्रोग्राम चालू शकेल. त्यामुळे ‘सुडो क्रॉनटॅब -ई’ला आपले ‘एडिटर’ दिसत नाही आणि ते रूटच्या खात्यात जे ठरले असेल ते उघडते. ‘/ईटीसी’मधील फाइल बदलण्यासाठी ‘सुडो विम’ असे लिहिण्याची सवय सर्रास आढळते. तिच्यापेक्षा ‘सुडोएडिट’ कितीतरी चांगले. ते फाइलची तात्पुरती प्रत काढते, ती आपल्याच अधिकाराने, आपल्याच सेटिंगसह, आपल्याच एडिटरमध्ये उघडते आणि बदल झाला असेल तरच मूळ जागी परत लिहिते. एडिटर व त्याचे दहा-बारा प्लगइन रूट म्हणून चालवण्याचा प्रसंगच येत नाही. त्यासाठी ते ‘सुडो_एडिटर’, ‘व्हिज्युअल’ आणि ‘एडिटर’ या क्रमाने चौकशी करते, म्हणजे वरच्या दोन ओळी इथेही कामी येतात. सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणारी सुडोअर्स ही फाइल मात्र ‘व्हिसुडो’नेच उघडावी; ते फाइलला कुलूप लावते आणि साठवण्यापूर्वी व्याकरण तपासते. एका चुकीच्या ओळीने संगणकावरचा सुडोच बंद पडू शकतो, हे लक्षात घेतले की त्या तपासणीचे मोल कळते. डेबियनवर व्हिसुडो मूळ मांडणीत सामायिक लिंकच वापरते. व्हिसुडोमध्ये नॅनो नको म्हणणाऱ्यांना ‘अपडेट-अल्टरनेटिव्ज’चा सल्ला दिला जातो तो यामुळे.

व्हेरिएबलमध्ये ग्राफिकल एडिटरचे नाव घालायचे असेल, तर गिट किंवा क्रॉनटॅब एडिटरशी कसे बोलतात ते आधी पाहावे लागते. ते एक तात्पुरती फाइल तयार करतात, तिचे नाव देऊन एडिटर सुरू करतात, तो संपण्याची वाट पाहतात आणि मग फाइल वाचतात. व्हीएस कोडसारखा प्रोग्राम आधीच उघडलेल्या खिडकीकडे फाइल सोपवून लगेच परततो. गिटला वाटते, लिहून झाले. तो फाइल वाचतो, ती रिकामी असते, आणि कमिटचा संदेश रिकामा असल्याचे सांगून काम थांबवतो. यावर उपाय म्हणजे थांबायला सांगणारा पर्याय जोडणे: व्हीएस कोडसाठी ‘कोड --वेट’, केट या ग्राफिकल एडिटरसाठी ‘केट --ब्लॉक’, ग्राफिकल विमसाठी ‘जीविम -एफ’. एडिटर कोणत्या स्थितीत संपला हेही गिट पाहतो. विममध्ये ‘:सीक्यू’ लिहून बाहेर पडले तर एडिटर अपयशाचा संकेत देऊन संपतो आणि संदेश साठवलेला असला तरी कमिट होत नाही; अर्ध्यावर विचार बदलणाऱ्यांसाठी हा मार्ग चांगला. शेवटी गिट नेमका कोणता एडिटर उघडणार आहे हे प्रत्यक्ष न उघडता पाहायचे असल्यास ‘गिट वार गिट_एडिटर’ ही कमांड सरळ उत्तर देते, आणि लिंक कुठे पोहोचते ते ‘रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/एडिटर’ने कळते.

डेस्कटॉपवर दोनदा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या एडिटरचा या कशाशीही संबंध नाही. तिथे फाइलचा माइम प्रकार (ती साधा मजकूर, चित्र की आणखी काही, हे सांगणारे नाव) ठरतो आणि त्या प्रकारासाठी नेमलेल्या प्रोग्रामची ओळख सांगणारी ‘.डेस्कटॉप’ फाइल शोधली जाते. नोंदी होम डिरेक्टरीतील ‘.कॉन्फिग/माइमॅप्स.लिस्ट’ या फाइलमध्ये असतात. फाइलवर उजवे क्लिक करून गुणधर्मांच्या खिडकीतून ही नेमणूक बदलता येते. टर्मिनलमधून करायची तर ‘एक्सडीजी-माइम डीफॉल्ट’ या कमांडला डेस्कटॉप फाइलचे नाव आणि ‘टेक्स्ट/प्लेन’ हा प्रकार द्यावा लागतो. पायथन किंवा मार्कडाउनच्या फाइलींचे प्रकार वेगळे असल्याने, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्यांच्यावर आधीच हक्क सांगितलेला असेल तर त्यांची नेमणूक स्वतंत्रपणे करावी लागते. उबंटू २२.०४ वरून पुढे गेलेल्यांना आपली जुनी नेमणूक हरवल्यासारखे वाटू शकते, कारण २२.१० पासून जीएडिट या जुन्या एडिटरच्या जागी नोम या डेस्कटॉपचा नवा टेक्स्ट एडिटर आला आणि त्याच्या डेस्कटॉप फाइलचे नावही वेगळे आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना टर्मिनलमधील एडिटर निवडताना आणखी एक अडचण येते. विमचा सगळा डोलारा रोमन कळांवर उभा आहे. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू ठेवून नॉर्मल मोडमध्ये (आज्ञा देण्याच्या अवस्थेत) आलो तर कर्सर हलवणाऱ्या चार कळा ‘प’, ‘र’, ‘क’, ‘त’ अशा होतात, आणि साठवून बाहेर पडण्याच्या आज्ञेतला विसर्गासारखा दिसणारा कोलन ‘छ’ होऊन बसतो. विमला यातले काहीच कळत नाही. त्यावर विममध्येच ‘कीमॅप’ची सोय आहे, संगणकाचा कीबोर्ड रोमनच ठेवून फक्त इन्सर्ट मोडमध्ये अक्षरे बदलून घेता येतात. मात्र मजकूर दिसण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. टर्मिनल पडद्याची विभागणी समान चौकोनांत करते आणि देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा त्या चौकोनांत नीट बसत नाहीत, त्यामुळे अनेक टर्मिनलांत कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते भलतेच अक्षर.

म्हणून माझ्या खात्यात दोन्ही व्हेरिएबलांची किंमत विम आहे, सामायिक लिंक मी जशी आली तशी नॅनोवरच राहू दिली आहे, आणि ‘टेक्स्ट/प्लेन’ केटकडे दिले आहे. ज्या गिट रिपॉझिटरीत (गिट सांभाळत असलेल्या डिरेक्टरीत) माझे मराठी लेखन असते, त्या एकाच रिपॉझिटरीत ‘गिट कॉन्फिग कोअर.एडिटर’ला ‘केट --ब्लॉक’ ही किंमत दिलेली आहे. ‘--ग्लोबल’ हा पर्याय न लावल्यामुळे ती नोंद त्या डिरेक्टरीपुरतीच राहते, कमिटचे संदेश मराठीत नीट टंकता येतात, आणि बाकीच्या रिपॉझिटरींमध्ये विमच उघडतो.